भरतीची तयारी आणि ताकदीचे इंजेक्शन

(अभ्यासलेख : युवक मंडळे, बचत गट आणि वस्तीवरील कार्यकर्त्यांसाठी)



मागच्या उन्हाळ्यात लोहारा तालुक्यातील एका पारधी वस्तीवर मी नेहमीच्या भेटीला गेले होते. बचत गटाची बैठक आटोपून निघाले, तेव्हा एका आईने मला बाजूला बोलावले. पदराआडून तिने बोटाच्या पेराएवढी एक रिकामी काचेची बाटली काढली आणि म्हणाली, "ताई, तुमाला विंग्रजी वाचता येतंय. हे कशाचं औषध हाय बघा बरं. पोराच्या पिशवीत गावलं. आमी ऊसतोडीहून आलोय तवापासून बघायलोय, पोरगं लई चिडायलंय. रातच्याला झोपंना. पाठीवर सगळी फोडं आल्यात."

बाटलीवर नॅन्ड्रोलोन डेकॅनोएट असे नाव होते. हे अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत शिकणारा. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे रस्त्यावर धावत होता. आईवडील सहा महिने कारखान्यावर आणि घरी फक्त आजी. जवळच्या एका मोठ्या गावातील व्यायामशाळेत तो जाऊ लागला होता. तिथल्या एका मोठ्या मुलाने त्याला सांगितले की तीन महिन्यांचा 'कोर्स' केला की अंग भरते. मजुरीचे साठवलेले पैसे त्यात गेले. तीन मुले एकाच सुईने इंजेक्शन घेत होती.

मी त्याच्याशी बोलले तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, सगळीच पोरं घ्यायलीत. मी एकलाच वाळका राहू का?"

या प्रसंगात माझीही चूक आहे आणि ती येथे कबूल केली पाहिजे. दोन महिन्यांपूर्वी युवकांच्या बैठकीत मीच त्याला उभे करून इतर मुलांना म्हटले होते, "बघा, याने कसे अंग कमावले आहे!" इतक्या थोड्या दिवसांत, घरी दोन वेळच्या भाकरीची ओढाताण असताना ते अंग आले कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. म्हणून हा पाठ मी आधी स्वतःसाठी तयार केला. मी डॉक्टर नाही. रुग्णालयात डॉक्टरांनी समजावले ते, आणि त्यानंतर वाचून पडताळून घेतले ते येथे मांडते आहे.

१. 'स्टिरॉइड' हा शब्द नीट समजून घेऊ

या एका नावाखाली दोन वेगळ्या प्रकारची औषधे येतात आणि त्यामुळे गोंधळ होतो.

पहिला प्रकार प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारख्या औषधांचा. दमा, तीव्र अ‍ॅलर्जी, सांध्यांचे काही आजार यांत डॉक्टर ती देतात. दम्याच्या पंपातही अशा प्रकारचे औषध असते. हा लेख वाचून कोणीही असे औषध आपल्या मनाने बंद करू नये. बरेच दिवस चाललेले असे औषध अचानक थांबवले तर जीव धोक्यात येऊ शकतो. मात्र 'जाड होण्याच्या गोळ्या' म्हणून सुट्या पुडीत मिळणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा हेच औषध असते. त्याने चेहरा गोल दिसतो, वजन वाढते, पण ती सूज आणि चरबी असते. ताकद वाढत नाही. उलट स्नायू आणि हाडे कमजोर होतात, साखर वाढते.

दुसरा प्रकार अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइडचा. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. आवाज फुटणे, मिशी येणे, स्नायू भरणे ही त्याची कामे. १९३५ साली शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले आणि पुढे त्यासारखी अनेक कृत्रिम औषधे निघाली. नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलोल, मेथँडिएनोन ही त्यांतली नावे. काही ठरावीक आजारांत त्यांचा उपयोग आहे. पण अंग कमावण्यासाठी घेणारे लोक आजारात देतात त्या मात्रेच्या दहापट ते शंभरपटही घेतात, आणि एकाच वेळी दोन-तीन औषधे एकत्र करतात.

याशिवाय मेफेंटरमाइन नावाचे एक इंजेक्शन व्यायामशाळांत फिरते. ते स्टिरॉइड नव्हे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर रक्तदाब एकदम खाली गेला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. धडधाकट मुलाने ते घेऊन धाव घेतली तर रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बेसुमार वाढतात. त्याचे व्यसनही लागते. मुंबई-पुण्याकडे त्याची बेकायदा विक्री करणाऱ्यांना पोलिसांनी वेळोवेळी पकडले आहे.

२. शरीरात काय घडते

स्टिरॉइडने स्नायू वाढतात, हे खरे आहे. मुलांना "त्याने काहीच होत नाही" असे सांगू नये, कारण त्यांनी शेजारच्या मुलाचे दंड डोळ्यांनी पाहिलेले असतात. एक खोटे सापडले की पुढचे खरेही ते ऐकत नाहीत. स्नायूंबरोबर आणखी काय येते, ते सांगावे.

हृदय : हृदयाच्या भिंती जाड होतात, रक्तदाब चढतो. चांगले कोलेस्टेरॉल घटते आणि वाईट वाढते. रक्त घट्ट होऊन गुठळी होण्याचा धोका वाढतो. तरुण वयात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची वाट अशी तयार होते. यातले बरेचसे बाहेरून दिसत नाही.

यकृत : तोंडावाटे घेण्याच्या बहुतेक गोळ्या यकृतावर ताण आणतात. कावीळ होऊ शकते. दीर्घकाळ घेतल्यास यकृतात रक्ताच्या पोकळ्या किंवा गाठी होतात.

पुरुषपण : बाहेरून हे संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. अंडकोष लहान होतात, शुक्रजंतू घटतात. पुष्कळांचे औषध थांबवल्यावर काही महिन्यांनी सुधारते, काहींचे वर्षानुवर्षे सुधारत नाही. काही मुलांच्या छातीत स्तनासारखी दुखरी गाठ येते. आमच्या या मुलाला ती आली होती. लाजेने तो दोन महिने अंगातून बनियन काढत नव्हता.

मुली : कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्या मुलींनाही कोणी हे देते. पाळी बिघडते, चेहऱ्यावर केस येतात, आवाज घोगरा होतो. औषध थांबवले तरी बदललेला आवाज सहसा पूर्ववत होत नाही.

मन : राग, संशय, झोप न लागणे. औषध बंद केल्यावर काही जणांना खोल निराशा येते, आत्महत्येचे विचारही येतात. म्हणून औषध थांबवल्यानंतरचे काही महिने मुलाकडे विशेष लक्ष हवे.

सुई : एकाच सुईने अनेकांनी टोचून घेतले तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी पसरतात. अस्वच्छ सुईने गळू होते.

३. उंचीचा प्रश्न

वाढत्या वयातील मुलांना आणखी एक धोका असतो. आपल्याकडे तो फारसा कोणाला माहीत नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते. तिथे हाड वाढते आणि उंची वाढते. वय पूर्ण झाले की संप्रेरकांच्या परिणामाने ही पट्टी हाडात मिसळून बंद होते. त्यानंतर कोणत्याही औषधाने उंची वाढत नाही. कमी वयात बाहेरून स्टिरॉइड दिले की ही पट्टी वेळेआधीच बंद होऊ शकते. मुलगा रुंद होतो आणि उंचीत अडकतो.

आता भरतीचा हिशेब पाहा. महाराष्ट्र पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची उंची साधारणपणे किमान १६५ सेंटिमीटर लागते, महिलांची १५५. मैदानी चाचणी ५० गुणांची आहे. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर धावणे १५ गुण आणि गोळाफेक १५ गुण. दंड किती फुगले याला गुण नाहीत. सर्वांत जास्त गुण १६०० मीटरला आहेत आणि ते दमावर मिळतात, म्हणजे हृदय व फुप्फुसे यांवर. ज्या अवयवावर हे इंजेक्शन घाव घालते, त्याच्याच जोरावर ही शर्यत पळायची असते. शिवाय स्नायू एकदम वाढले तरी स्नायूबंध तितक्या वेगाने बळकट होत नाहीत. जोराच्या कामात ते तुटले तर वर्ष वाया जाते.

४. नरसिंग यादवचे प्रकरण

आपल्या भागात जत्रेतल्या कुस्त्यांना गर्दी लोटते. त्यामुळे हे नाव बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईच्या जोगेश्वरीत वाढलेला नरसिंग यादव २०११, २०१२ आणि २०१३ असा सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला. राज्य पोलीस दलात त्याला उपअधीक्षकपद मिळाले. २०१५ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत त्याने ७४ किलो गटात कांस्यपदक जिंकले आणि भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली.

ऑलिंपिक महिन्यावर आले असताना, २०१६ च्या जून-जुलैत घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत मेथँडिएनोन सापडले. आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याने सांगितले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, शिस्त समितीने १ ऑगस्टला त्याचे म्हणणे मान्य केले. जागतिक संस्था वाडाने त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. १८ ऑगस्ट रोजी, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. कोणी कट केल्याचा पुरावा दिसत नाही आणि गोळीच्या रूपात हे औषध एकापेक्षा जास्त वेळा घेतले गेले असण्याची शक्यता अधिक आहे, असे लवादाचे मत पडले. आपण निर्दोष आहोत, हे नरसिंगने पुढेही सांगितले.

कोण खरे, हे ठरवणे आपले काम नाही. पण आपल्या मुलांनी यातून एक नियम शिकावा. खेळाडूच्या शरीरात जे सापडेल, त्याची जबाबदारी खेळाडूची. "मला माहीत नव्हते", "प्रशिक्षकाने दिले" एवढ्याने सुटका होत नाही. २०११ साली भारताच्या सहा महिला धावपटू स्टिरॉइडच्या चाचणीत सापडल्या. त्यांपैकी काही जणी आदल्या वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रिलेचे सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होत्या. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या पूरक औषधातून हे शरीरात गेले, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही अखेर दोन वर्षांची बंदी भोगावी लागली.

हा दूरचा प्रश्न नाही. वाडाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात ३,८६५ नमुने तपासले गेले आणि १२५ मध्ये बंदी असलेली द्रव्ये आढळली. म्हणजे शंभरात तीनपेक्षा जास्त. त्याच वर्षी आपल्या देशात राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा झाला.

५. औषधाच्या दुकानाबाबत

नॅन्ड्रोलोनसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास कायद्याने मनाई आहे. चिठ्ठीविना कोणी विकत असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करता येते. रिकामी बाटली किंवा खोके जपून ठेवावे. त्यावरील बॅच क्रमांक पुरावा ठरतो. व्यायामशाळेत डब्यातून सुटी पावडर मिळत असेल, त्यावर नाव, परवाना क्रमांक किंवा तारीख नसेल, तर ती घेऊच नये. पुष्कळदा अशा पावडरीतच स्टिरॉइड मिसळलेले असते.

६. मग अंग कसे भरावे?

नुसते "घेऊ नको" म्हणून भागत नाही. मुलाच्या पोटात काय पडते, हे पाहावे लागते. साठ किलो वजनाच्या, कसून मेहनत करणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण ७० ते १०० ग्रॅम प्रथिने लागतात. ती आपल्या लोहाऱ्याच्या बाजारात मिळतात. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या भाकरीतून सुमारे ३०, अर्धा लिटर दुधातून १६, दोन अंड्यांतून १२, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, तेवढ्याच भिजवलेल्या हरभऱ्यातून १० आणि तेवढ्याच तुरीच्या डाळीतून ११ ग्रॅम. बेरीज नव्वदच्या वर जाते. आपल्या तालुक्यात सोयाबीन मुबलक पिकते. त्यात याहून जास्त प्रथिने आहेत, मात्र ते चांगले शिजवूनच खावे.

ज्या घरी रोज दूध-अंडी शक्य नाहीत, तिथे बचत गटाने चार कोंबड्यांसाठी कर्ज द्यावे, असा ठराव आम्ही दोन वस्त्यांवर केला आहे. धावताना लवकर दम लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मुले फेकून देतात, ती खाल्ली पाहिजे. आठ तास झोप आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीही हवी, कारण स्नायू विश्रांतीत भरतात.

परिस्थितीतून वर येणाऱ्यांची उदाहरणे मुलांना सांगा. आपल्याच जिल्ह्यातील सारिका काळे गरिबीत खो-खो खेळली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार झाली आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत २०१० च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आली.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात खेळाडूचे उदाहरण येते : नियमाने न खेळणाऱ्याला मुकुट मिळत नाही. शिकत असताना मी हा उतारा केवळ दृष्टांत म्हणून वाचला होता. आता वस्तीवरच्या मुलांकडे पाहताना तो अगदी शब्दशः समजतो.

७. कोणी घेत असल्याचे कळले तर

मारू नये, चारचौघांत लाजवू नये. घरातून हाकलले तर मुलगा त्याच व्यायामशाळेत जाऊन बसतो. त्याने काय, किती आणि किती दिवस घेतले ते शांतपणे विचारावे आणि बाटलीसह ग्रामीण रुग्णालयात न्यावे. डॉक्टरांपुढे काहीही लपवू नये. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूची कमजोरी, डोळे पिवळे होणे यांपैकी काही दिसले तर लगेच १०८ ला फोन करावा. सुई एकमेकांची वापरली असेल तर सरकारी आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची मोफत व गुप्त तपासणी होते. लागण नुकतीच झाली असेल तर ती पहिल्या तपासणीत दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. मन खचले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. रुग्णालयात त्याचा रक्तदाब वाढलेला निघाला. औषध थांबवल्यावर तो हळूहळू खाली आला. एचआयव्हीच्या आणि काविळीच्या दोन्ही वेळच्या तपासण्या स्वच्छ आल्या. बाकीची दोन मुलेही तपासणीला आली. छातीतली गाठ लहान झाली आहे, गेलेली नाही. मनगटाचा एक्स-रे काढला, तेव्हा वाढीच्या पट्ट्या जवळजवळ बंद झालेल्या दिसल्या. त्याची उंची १६४ सेंटिमीटर आहे. इंजेक्शन घेतले नसते तर तो आणखी वाढला असता का, हे डॉक्टरही खात्रीने सांगू शकले नाहीत. तो मात्र हा प्रश्न रोज स्वतःला विचारतो.

इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांत पारध्यांची गणना झाली. तो शिक्का १९५२ साली कायद्याने पुसला गेला, पण आजही गावात चोरी झाली की पहिली गाडी वस्तीवर येते. अशा घरातल्या मुलाने खाकी वर्दीचे स्वप्न पाहणे म्हणजे काय, हे त्याच्या आईला विचारावे. एका सेंटिमीटरची किंमत तिला बरोबर कळते.

सध्या तो वनरक्षक भरतीची तयारी करतो आहे. तिथे अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना उंचीत सवलत आहे. पहाटे तो धावतो आणि त्याच्यामागे वस्तीवरची पाच लहान मुले धावतात. त्यांना तो पहिल्याच दिवशी आपली गोष्ट सांगतो. मी सांगितलेल्यापेक्षा ती मुले त्याचे जास्त ऐकतात.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीवरील किती मुले-मुली भरतीची किंवा स्पर्धेची तयारी करतात? ती कुठे आणि कोणाच्या हाताखाली सराव करतात?
२. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर या मुलांकडे कोण लक्ष देते? गटातील कोण ही जबाबदारी घेईल?
३. मुलाच्या अंगात अचानक बदल दिसला तर आपण कौतुक करतो की चौकशी करतो?
४. वरील आहारापैकी कोणते पदार्थ आपल्या घरी आजपासून देता येतील? कोणत्या गोष्टीसाठी गटाची मदत लागेल?
५. आपल्याकडून एखाद्या मुलाला शरीरावरून टोमणा मारला गेला आहे का? त्याच्याशी पुन्हा कसे बोलता येईल?